वाचक विचारतात : आशियातील कलावंत स्त्रिया

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाभोवती फिरणारी बरीच पत्रे आली. महिला दिनाचे कार्यक्रम जवळ आले आहेत आणि नागपुरातील काही मंडळांनी व शाळांनी यंदा आशियाई स्त्रियांचे कला-संस्कृतीतील कर्तृत्व हा विषय घेतलेला दिसतो. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवून ती संक्षेपाने छापत आहोत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने ८ मार्चला एक तासाचा कार्यक्रम ठरवला आहे. प्रत्येक सभासदाने आशियातील एका कलावंत स्त्रीची माहिती दोन मिनिटांत सांगायची, अशी कल्पना आहे. त्यासाठी पंचवीस-तीस नावांची यादी आपण द्याल का?
— मंडळाच्या सचिव, त्रिमूर्तीनगर

उत्तर : यादी देणे अवघड नाही, पण त्याआधी एक विनंती करावीशी वाटते. दोन मिनिटांत जन्मसाल, गाव, पुरस्कार आणि ‘अमुक करणारी पहिली महिला’ एवढेच सांगून होते. ती गाते कशी, रंगवते कसे, लिहिते काय, हे श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही. तीस नावे ऐकून घरी गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी त्यांतली दोनसुद्धा आठवणार नाहीत. त्याऐवजी तीनच नावे घ्या, प्रत्येकीला वीस मिनिटे द्या आणि त्यांतला निम्म्याहून अधिक वेळ तिच्या प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवा.

पहिले नाव तीजनबाईंचे सुचवतो. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काही तासांत दुर्ग-भिलाई येते. त्याच भागातल्या गनियारी गावच्या या बाईंनी पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन आणि बोलून सांगण्याची छत्तीसगडी कला, देशोदेशी नेली. पंडवानीच्या दोन रीती आहेत. वेदमती रीतीत बसून कथा सांगतात, आणि बाईने गायचेच असेल तर तिने असे बसूनच गावे असा दंडक होता. कापालिक रीतीत कलावंत उभा राहतो, रंगमंचभर फिरतो, एकेक पात्र अंगात आणतो. ती रीत पुरुषांची मानली जाई. आजोबांच्या तोंडून ऐकून महाभारत पाठ केलेल्या तीजनबाई वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात दहा रुपये बिदागीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी कापालिक रीतीने पंडवानी केली. त्यांच्या गाण्यापायी समाजाने त्यांना वाळीत टाकले, झोपडी बांधून एकटीने राहण्याची वेळ आणली, तरी गाणे थांबले नाही. पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी त्यांना ऐकले आणि गावाबाहेरचे रंगमंच खुले झाले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना २०१८ मध्ये जपानमधील फुकुओका शहराचा कला आणि संस्कृतीसाठीचा पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

हे सगळे पाच मिनिटांत सांगून होईल. उरलेल्या वेळात त्यांच्या दुःशासनवधाचे चित्रीकरण दाखवा आणि सभासदांना एवढेच सांगा, की बाईंच्या हातातल्या तंबोऱ्यावर नजर ठेवा. मोरपिसे बांधलेला तो तंबोरा सूर धरता धरता भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य होतो, आणि गदा खांद्यावर टाकून बाई थांबतात तेव्हा शेजारी बसलेला साथीदार, म्हणजे रागी, हुंकार देऊन ‘मग काय झाले’ असे विचारतो. रागीने कुठे हुंकार दिला, कुठे प्रश्न केला, हे ऐकण्यासारखे असते, कारण कथेची गती त्याच्याही हातात असते. भंडारा-गोंदियाकडच्या सभासदांना त्या बोलीसाठी दुभाष्याची गरज पडणार नाही. उरलेली दोन नावे पुढच्या उत्तरांतून निवडावीत.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात साहित्य शिकते. २०२४ चे साहित्याचे नोबेल दक्षिण कोरियाच्या हान कांग यांना मिळाले, तेव्हा हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री असल्याचे सगळीकडे छापून आले. हा पुरस्कार १९०१ पासून दिला जातो. मग एवढी वर्षे आशियातल्या बायका लिहीत नव्हत्या का? वर्गात हा प्रश्न विचारला तर ‘दर्जा कमी पडला असेल’ असे उत्तर मिळाले.
— एक विद्यार्थिनी, महाल

उत्तर : दर्जाचे ते उत्तर कृपया मनावर घेऊ नका. अकराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे आजपासून सुमारे हजार वर्षांपूर्वी, जपानच्या राजदरबारातील एका स्त्रीने ‘गेंजी मोनोगातारी’ ही चोपन्न प्रकरणांची कथा लिहिली. अनेक अभ्यासक तिला जगातली पहिली कादंबरी मानतात. त्या काळी तिथले विद्वान पुरुष प्रतिष्ठेसाठी चिनी भाषेत लिहीत, आणि बायका घरात बोलल्या जाणाऱ्या जपानीत, काना लिपीत लिहीत. प्रतिष्ठेच्या भाषेतले पुष्कळसे लेखन आज फक्त अभ्यासकांपुरते उरले आहे आणि बायकांनी बोलीत लिहिलेले त्या देशाच्या साहित्याचा पाया मानले जाते. मात्र तिचे खरे नाव कोणालाच ठाऊक नाही. मुरासाकी शिकिबू हे जे नाव आपण घेतो, त्यातले मुरासाकी हे तिच्या कथेतल्या नायिकेचे आणि शिकिबू हे तिच्या वडिलांच्या खात्याचे. एवढे मोठे काम करणाऱ्या बाईची ओळख एका पात्रावरून आणि बापाच्या हुद्द्यावरून ठेवली गेली, ही गोष्ट वाचताना आजही मन अस्वस्थ होते.

आपल्याकडे पाहा. मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री महदंबा ही तेराव्या शतकातली, आणि तिचे धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले गेले ते अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात. गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली, आणि रुक्मिणी तर आपल्या विदर्भाचीच लेक. तिच्या महानुभाव पंथाचे ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिले गेले, त्यामुळे कित्येक शतके ते बाहेरच्या वाचकाला बंद होते. विसाव्या शतकात त्या लिप्या उलगडल्या तेव्हा कुठे महदंबेचे शब्द सर्वांच्या हाती आले. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे ते गाव आहे. वर्गाची सहल तिथे काढावी.

तेव्हा प्रश्न लेखनाचा नव्हता, ते कोणाला वाचता येत होते याचा होता. १९१३ मध्ये रवींद्रनाथांना नोबेल मिळाले, कारण ‘गीतांजली’ त्यांनी स्वतः इंग्रजीत आणली होती. गेंजीची कथा जवळजवळ संपूर्ण रूपात इंग्रजी वाचकाला मिळाली ती आर्थर वेली यांच्या अनुवादातून, १९२५ ते १९३३ या काळात. हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ या नावाने गाजलेली कादंबरी कोरियात २००७ मध्ये निघाली. डेबोरा स्मिथ यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी तिला मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधली आठ वर्षे कादंबरी तीच होती. दर्जा वाढला नव्हता, दार उघडले होते.

भारतीय उदाहरणे याहून ताजी आहेत. गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी ‘रेत समाधि’ डेझी रॉकवेल यांच्या अनुवादामुळे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकरची मानकरी ठरली. २०२५ मध्ये हाच पुरस्कार कर्नाटकातील हासनच्या बानू मुश्ताक यांना मिळाला. त्या व्यवसायाने वकील आहेत, मुस्लिम घरांतल्या बायकांची दुःखे त्यांनी कन्नडमधून लिहिली, आणि १९९० ते २०२३ या काळातल्या त्यांच्या बारा कथा निवडून दीपा भास्ती यांनी त्यांचे इंग्रजी पुस्तक केले. कथासंग्रहाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटली जाते. ही समान वाटणी मला फार योग्य वाटते. आपल्याकडे कित्येक अनुवादित पुस्तकांच्या मुखपृष्ठावर अनुवादकाचे नावसुद्धा नसते.

तुम्ही साहित्य शिकता आणि दोन-तीन भाषा सहज वाचता. आवडत्या मराठी लेखिकेची एक कथा घेऊन, लेखिकेची परवानगी काढून, ती हिंदीत किंवा इंग्रजीत आणण्याचा प्रयत्न करा. वर्गातल्या त्या उत्तराला याहून चांगले प्रत्युत्तर मला सुचत नाही.

प्रश्न : माझे बालपण वडशाजवळच्या खेड्यात गेले. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत बायकांची कामे पुरुषच करत, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे. बालगंधर्वांचे तर कौतुकच होते. बायकांना रंगभूमीपासून दूर ठेवण्याची ही रीत फक्त आपल्याकडची, की आशियात इतरत्रही होती?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, सक्करदरा

उत्तर : सर, इतरत्रही होती, आणि जपानचा इतिहास तर आपल्यापेक्षाही विलक्षण आहे. काबुकी हा तिथला जगप्रसिद्ध नाट्यप्रकार एका बाईने सुरू केला. इझुमोची ओकुनी या नावाने ती ओळखली जाते. १६०३ च्या सुमारास क्योतो शहरात कामो नदीच्या कोरड्या पात्रात तिने नाच आणि नक्कल यांची मिळवणी करून खेळ केले, त्यांत ती स्वतः तरुण पुरुषाचे सोंग घेई, आणि बघता बघता बायकांच्या अशा मंडळ्या सगळीकडे निघाल्या. १६२९ मध्ये शासनाने नीतीचे कारण सांगून बायकांना रंगमंचावर बंदी केली. बाईने जन्माला घातलेला नाट्यप्रकार त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षे पुरुषांच्या हाती राहिला, आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची, म्हणजे ओन्नागातांची, मोठी परंपरा तयार झाली. ती परंपरा थोर आहे यात शंका नाही. आपण बालगंधर्वांचे नाव घेतलेत, त्यांच्या गाण्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. तरीही त्या वैभवाची किंमत कोणी मोजली, हे विसरता येत नाही.

ही बंदी सैल झाल्यावर सादायाक्को या अभिनेत्रीने पतीच्या मंडळीबरोबर १८९९ मध्ये अमेरिकेचा दौरा केला आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिच्या मृत्यूच्या प्रवेशांनी युरोपातल्या कलावंतांना भारून टाकले. परत गेल्यावर, १९०८ मध्ये, तिने तोक्योत अभिनेत्रींसाठी प्रशिक्षण संस्था काढली. मला तिच्या परदेशातल्या कीर्तीपेक्षा ही शाळा मोठी वाटते. स्वतःला वाट मिळाल्यावर मागून येणाऱ्या मुलींसाठी तिने ती बांधून काढली.

आपल्याकडचा क्रम आपल्याला परिचित असेलच. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले, कारण कॅमेऱ्यापुढे यायला एकही बाई तयार होईना. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी उभ्या राहिल्या. कमलाबाई पुढे गोखले झाल्या आणि अभिनयाचा वारसा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढली आणि संगीत नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा पायंडा पाडला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने तो नव्या नाटकात आणला, ज्योत्स्ना भोळे त्यातल्याच. हिराबाईंनी आणखी एक गोष्ट केली. बाईने तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत प्रतिष्ठेने बसून गावे, ही प्रथा रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज कोणत्याही शहरात एखादी तरुण गायिका संकोच न करता ख्याल मांडते, त्यामागे त्यांच्या पिढीने पचवलेले टोमणे आहेत.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीबद्दल आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. धानाची कापणी झाली की मंडईच्या निमित्ताने रात्रभर चालणारी ती नाटके, आणि त्यांत नागपूरहून जाणाऱ्या अभिनेत्री. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवे गाव, रात्रभर प्रयोग आणि पहाटे परतीचा प्रवास, हे काम त्या करतात. कार्यक्रमांत पॅरिसच्या सादायाक्कोचे नाव घेताना वडशाच्या रंगमंचावर काल रात्री उभ्या राहिलेल्या बाईचे नावही घेतले जावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याला त्यांतल्या कोणाच्या आठवणी असतील तर लिहून पाठवाव्यात.

प्रश्न : अंतराळात पाठवलेल्या यानात एका मराठी गायिकेचे गाणे आहे, असे मुलगा शाळेतून ऐकून आला. हे खरे आहे का?
— गृहिणी, मानेवाडा

उत्तर : गाणे आहे, आणि गायिका मूळच्या गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तीत जगभरातील निवडक संगीतात केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, सुमारे साडेतीन मिनिटांची. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे कठोर तालीम घेतली होती. त्यांपैकी ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. मुलाला ती भैरवी अवश्य ऐकवा, सहज मिळते. शक्य असेल तर त्यांच्या ख्यालाचे एखादे ध्वनिमुद्रणही जोडीला ऐकवा, कारण त्यांच्या गाण्याचा पल्ला भैरवीपुरता नव्हता.

प्रश्न : मी एका शाळेत चित्रकला शिकवते. प्रदर्शनात मुलींनी मधुबनी आणि गोंड शैलीची चित्रे लावली, तेव्हा एका पाहुण्यांनी ‘ही कला नव्हे, हस्तकला’ असा शेरा दिला. मुली हिरमुसल्या. त्यांना काय सांगू?
— चित्रकला शिक्षिका, कामठी रोड

उत्तर : त्यांना गंगादेवींची गोष्ट सांगा. मधुबनी चित्रे ज्या भागातली, त्या बिहारमधील मिथिलेतल्या बायका लग्नाच्या वेळी कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंतीवर कमळे, बांबू, मासे, पोपट रंगवत. चित्र कोणी काढले हे कोणी विचारत नसे आणि काही दिवसांनी भिंत पुन्हा सारवली जाई. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली तेव्हा पाहणीला गेलेल्या आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या भिंती दिसल्या आणि तो थक्क झाला. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी हे आपले मराठी चित्रकार मधुबनीच्या खेड्यांत गेले आणि त्यांनी बायकांच्या हाती कागद दिला. भिंतीवरून कागदावर आल्यामुळे चित्र टिकले, विकले गेले, आणि मुख्य म्हणजे त्याखाली सही आली.

त्या सह्यांपैकी एक गंगादेवींची. त्यांची रेघ इतकी बारीक, की केसांच्या बटा आणि वस्त्राच्या विणीतला धागा वेगळा दिसतो. परदेशांत गेल्या तेव्हा तिथली शहरे आणि रोलर कोस्टर त्यांनी याच रेघेने चितारले. कर्करोगाने रुग्णालयात दिवस काढताना त्यांनी आपल्याच आजाराची चित्रमालिका केली. खाट, परिचारिका, औषधाची नळी, उपचारांची यंत्रे असे सगळे तीत आले. कोहबराच्या परंपरेत यातले काहीही नव्हते. जो हात ठरलेले नमुने गिरवतो तो असे करू शकत नाही, एवढे सांगितले तरी पाहुण्यांच्या शेऱ्याला उत्तर मिळते. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी रंगवलेले कोहबर घर मात्र त्यांच्या पश्चात नूतनीकरणाच्या कामात नष्ट झाले. ‘हस्तकला’ म्हणून खालच्या पायरीवर ठेवण्याचा परिणाम कुठवर जातो, हे यावरून दिसते.

गोंड शैलीसाठी दुर्गाबाई व्याम यांचे काम दाखवा. आईकडून लहानपणी अंगणात, भिंतीवर डिगणा, म्हणजे गोंडांची पारंपरिक नक्षी, काढायला त्या शिकल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पती सुभाष व्याम यांच्यासह त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन चित्रांतून मांडणारे ‘भीमायन’ हे पुस्तक केले. त्यात चित्रकथेच्या ठराविक चौकटी नाहीत. प्रसंगांना वेगळे करणाऱ्या रेषा डिगण्याच्याच आहेत, पाण्याच्या प्रसंगात सगळे पान पाण्याचे होते, आणि बोलणाऱ्याचे शब्द कडवट असतील तर शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. दीक्षाभूमीच्या शहरातल्या मुलींनी ते पुस्तक हाताळायलाच हवे. उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी मध्य प्रदेशातील उमरिया जिल्ह्याच्या जोधैयाबाई बैगा आहेत. लाकूडफाटा विकून आणि मजुरी करून आयुष्य काढल्यावर सत्तरीच्या आसपास त्यांनी ब्रश धरला आणि २०२३ मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचल्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : माझी मुलगी वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. या क्षेत्रात आशियाई स्त्रियांची उदाहरणे आहेत का?
— पालक, प्रतापनगर

उत्तर : आहेत. बगदादमध्ये जन्मलेल्या झाहा हदीद यांना २००४ मध्ये वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. १९७९ पासूनच्या त्या पुरस्काराच्या त्या पहिल्या स्त्री मानकरी. २०१० मध्ये जपानच्या काझुयो सेजिमा यांना तो सहकाऱ्यासह मिळाला. पण मुलीला मी बांगलादेशच्या मरिना तबस्सुम यांचे काम आधी पाहायला सांगेन. ढाक्यात आजीने दिलेल्या जागेवर त्यांनी बैतुर रौफ ही विटांची मशीद बांधली. तिला घुमट नाही, मिनार नाही. छतातल्या गोल छिद्रांतून आणि भिंतींच्या फटींतून येणारा उजेड हीच तिची सजावट. उष्ण हवेसाठी तिथे यंत्रांऐवजी खुली अंगणे आणि जाळीदार विटा कामी येतात, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात शिकणाऱ्या मुलीला त्यातून पुष्कळ घेता येईल. त्या मशिदीला २०१६ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. नदीने जमीन गिळल्यावर उचलून दुसरीकडे नेता येईल असे बांबूचे ‘खुदी बारी’ घर त्यांनी तयार केले, आणि त्याबद्दल २०२५ मध्ये तोच पुरस्कार पुन्हा मिळाला.

प्रश्न : आशियाचा विचार करताना नागपूरचे कोणी आठवत नाही का? आपल्याच शहरातल्या स्त्रियांचे कर्तृत्व कोण सांगणार?
— एक वाचक, धंतोली

उत्तर : तक्रार रास्त आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद स्त्रीला प्रथम मिळाले ते १९६१ मध्ये, ग्वाल्हेरला, आणि त्या अध्यक्षा होत्या कुसुमावती देशपांडे. जन्म अमरावतीचा, कर्मभूमी नागपूर. इथल्या मॉरिस कॉलेजात त्या इंग्रजी शिकवत. त्यांच्या लघुकथा आवाज न चढवता माणसाच्या मनात उतरतात आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी घेतलेला आढावा अभ्यासकांना आजही लागतो. २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलने झाली आणि त्यांत अध्यक्षा झाल्या अवघ्या सहा : कुसुमावतींनंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. हा आकडा प्रत्येक साहित्यप्रेमीने मनाशी धरून ठेवावा.

दुसरे नाव कुमुद पावडे यांचे. दलित कुटुंबातल्या या मुलीने नागपुरात संस्कृत शिकून त्यात एम.ए. केले. सोमकुवर या माहेरच्या नावाने प्राध्यापकीची नोकरी मिळेना आणि लग्नानंतर पावडे हे नाव लागल्यावर मिळाली, हा अनुभव त्यांनी ‘अंतःस्फोट’ या १९८१ च्या पुस्तकात लिहिला आहे. संस्कृतवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने तो लेख वाचायला हवा. तिसऱ्या आशा बगे. ‘भूमी’ या कादंबरीला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मध्यमवर्गीय घरातल्या बाईच्या मनाचे आणि संगीताचे इतके जवळचे नाते मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहे. धंतोलीच्या वाचकांना ही पुस्तके जवळच्या वाचनालयात सापडतील.

प्रश्न : माझ्या आजीला भुलाबाईची पुष्कळ गाणी येतात. वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांतले काही शब्द आम्हाला कळत नाहीत, काही ओळी अर्धवट वाटतात. मंडळातर्फे गाण्यांची पुस्तिका काढायची आहे. ती शुद्ध मराठीत करून छापावीत का?
— एक नात, हिंगणा

उत्तर : शुद्ध करू नका. भुलाबाईची गाणी म्हणण्याच्या कोजागिरीपर्यंत वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. आजी ठीक असतील त्या दिवशी दुपारी बसा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवा आणि गाणे थांबवून अर्थ विचारू नका. आधी सगळे गाऊ द्या, अर्थ नंतर विचारा. गाणे ओठांवर येत नसेल तर टिपऱ्या हातात द्या किंवा त्यांच्या वयाच्या एखाद्या मैत्रिणीला बोलावून घ्या, एकीची ओळ अडली की दुसरी पुढे नेते. खिरापत ओळखण्याच्या वेळची गाणी वेगळी विचारा, ती बहुधा विसरली जातात. कळला नाही तो शब्द जसा ऐकू आला तसाच लिहा आणि आजींनी सांगितलेला अर्थ खाली द्या. दुसऱ्या आजींनी तेच गाणे वेगळे म्हटले तर दोन्ही छापा, कोणते बरोबर हे ठरवत बसू नका.

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काम करताना गात, आणि मुलगा सोपानदेव व एक आप्त यांनी ती गाणी टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने गाणी पुस्तकरूपाने आली. वऱ्हाडी-खानदेशी वळणाचे त्यांचे शब्द कोणी पुणेरी करून छापले असते, तर त्यांतले किती उरले असते, याचा विचार करा. जात्यावरच्या ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्याखेड्यांतून जे काम केले त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि आता त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही मिळते. तुम्हीही तेच करा : प्रत्येक गाण्याखाली गाणारीचे पूर्ण नाव, माहेरचे गाव, गाणे कोणाकडून शिकली आणि ध्वनिमुद्रणाची तारीख द्या. मूळ ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, कारण मोबाइल हरवतात. पुस्तिका निघाली की एक प्रत विदर्भ साहित्य संघाकडे आणि एक या सदराच्या पत्त्यावर पाठवा. निवडक गाणी गाणारीच्या नावासह आम्ही छापू.